पाहुणा बेंजो: मामांसोबत एक गाणं रेकॉर्ड केलं, मिक्सबद्दल मतं हवीत

सूरपेटी

मंडळी, आमच्या अल्बमबद्दल इथे आधी लिहिलं होतं. आठ गाणी, नोकऱ्या सांभाळून, सगळा खर्च खिशातून. सात गाणी मार्गी लागली. आठवं मिरवणुकीचं गाणं आहे आणि त्यात बेंजो हवा हे पहिल्यापासून ठरलेलं. बेंजो म्हणजे आपला मुंबईचा, बटणांचा, टेम्पोवर जनरेटर लावून वाजतो तो.

डेमोत आमच्या कीबोर्डवाल्याने बेंजोचा टोन लावून काम भागवलं होतं. वाईट नव्हतं, पण मला मामाच हवे होते, लहानपणापासून ऐकलेले बेंजोवादक. नाव इथे देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. लालबाग-परळ पट्ट्यात वाढलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी त्यांना ऐकलेलं असणार, फक्त नाव माहीत नसेल. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात घर बसलं आणि मामा एका बेंजो पार्टीबरोबर, म्हणजे वादकांच्या ताफ्याबरोबर, वाजवायला लागले. मी शाळेत असताना आमच्या मंडळाच्या आगमनाला त्यांचीच पार्टी असायची. मुखडा धरण्याआधी ते एकटेच वाजवत वर चढायचे आणि मध्येच एका सुरावर थरथरत थांबायचे. ढोलकीवाला काठोकाठ भरलेला, हात वर धरून बसलेला, आणि हे काही सम देत नाहीत. सगळी गल्ली ताटकळायची. मी संगीताकडे वळलो त्याला जी काही कारणं असतील त्यात हे एक नक्की.

फोन केला तर पहिला प्रश्न, "गाडी कुठे लागणार?" म्हटलं मिरवणूक नाही मामा, स्टुडिओ आहे. "मग बसून वाजवायचं?" हो. "आणि समोर नाचणारं कोणी नाही?" नाही. जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "गाणं पाठव, पैशाचं नंतर बोलू." संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्यांचं रेकॉर्डिंग आलं. मागे कुकरची शिट्टी, कोणीतरी दार आपटतंय, आणि आमचा मुखडा असा वाजवलेला की आमच्या गायिकेनेच मला विचारलं, ही चाल आपण अशी का नाही बांधली.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला दोन गोष्टींवर गाडी अडली.

एक, क्लिक. गिटार आणि बेस आधीच क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत झाले होते. मामांनी हेडफोन एकाच कानाला लावला, दुसरा कान मोकळा. पहिल्या कडव्यापर्यंत ठीक, नंतर बोटं पुढे पळायला लागली. चुकत नव्हते ते. मिरवणुकीत लय चढतच जाते, चढली नाही तर लोक नाचायचे थांबतात, आणि इतकी वर्षं त्यांचं हेच काम. शेवटी म्हणाले, "हे टिक टिक बंद कर आणि ढोलकीवाल्याला आत घे." इंजिनिअरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण घेतलं. दोघं समोरासमोर बसले, क्लिक बंद, आणि गाणं ९६ ला सुरू होऊन १०४ च्या आसपास संपलं. मग त्या ढोलकीवरून लयीचा नकाशा (कुठे किती वेग) काढला आणि गिटार-बेस त्यावर नव्याने वाजवून घेतले. काम वाढलं, गाणं सुटलं.

दुसरी गोष्ट एकोची. मामा येताना आपला छोटा ॲम्प आणि जुनं एकोचं यंत्र घेऊन आले होते. इंजिनिअर म्हणाला, आवाज कोरडा घेऊ, एको नंतर आपला लावू. कोरडं घेतलं आणि ऐकलं तर मामांचं वाजवणं तुटक वाटायला लागलं. थोडं डोकं चालवल्यावर लक्षात आलं की ते दोन सुरांमध्ये जी जागा सोडतात ती एकोसाठीच सोडतात. एकोतून परत येणारा सूर धरूनच पुढचा सूर टाकतात. एको काढला की अर्धा वादक गेला. म्हणून तिन्ही घेऊन ठेवलं: पिकअपमधून (वाद्यावर बसवलेला, तारांचा आवाज उचलणारा भाग) थेट लाइन, ॲम्पसमोर माइक (यात त्यांचा एको आहे), आणि बटणांच्या वर एक कंडेन्सर माइक.

आता प्रश्न. बटणांची खटखट कंडेन्सरवर भरपूर आली आहे. ठेवावी की घासून काढावी? एको त्यांचाच ठेवावा की लयीला जुळवून आपला लावावा? आणि क्रेडिट-मानधनाचं रीतसर कसं करायचं? सध्या मिरवणुकीच्या एका रात्रीचं जे घेतात तेवढं दिलंय, पण गाणं उद्या चाललं तर तेवढ्यावर थांबणं मला पटत नाही.

हेडफोनवाला

मस्त. आणि तुमच्या इंजिनिअरला माझा नमस्कार सांगा, क्लिक बंद करायला छाती लागते.

एको त्यांचाच ठेवा. हिशोब बघा: ९६ च्या लयीत एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची, १०४ ला ५७७ ची. निम्मी मात्रा धरली तर ३१२ वरून २८८ वर येते. मामांच्या यंत्राचा एको बहुधा एकाच जागी अडकवलेला असेल, समजा ३०० ला. म्हणजे गाण्याच्या सुरुवातीला एको किंचित आधी येतो, मध्ये नेमका बसतो आणि शेवटी किंचित मागे राहतो. शेवटच्या कडव्यात जी धावपळ ऐकू येते तिचा काही भाग याचाच असणार. सॉफ्टवेअरने तो लयीला चिकटवलात तर सगळं सरळ होईल आणि मजा जाईल.

ॲम्पचा माइक मुख्य, थेट लाइन त्याखाली थोडी, अंगासाठी. पण आधी दोन्ही जुळवून घ्या. आवाजाला एक फूट कापायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, तेवढ्यानेही बेंजोचा खालचा भाग पोकळ होतो. वेव्हफॉर्म मोठं करून छेडीची पहिली उसळी एकावर एक आणा, आणि एकदा एका ट्रॅकची फेज (लाटेची वर-खाली दिशा) उलटवून ऐका, जिथे भरीव वाटेल ते ठेवा. घरगुती पिकअप असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिची पिल्लं १००, १५० ला सापडतील. बारीक नॉच (तेवढीच वारंवारता कापणारा फिल्टर) लावा, मोठा खड्डा पाडू नका.

खटखटीला गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावू नका. बटण दाबल्याचा आवाज आणि तारेची छेड इतकी लागून येतात की गेट दोन्ही कापतो. सगळी वाद्यं चालू असताना खटखट ताशात मिसळून जाते, काहीही करायची गरज नाही. फक्त सुरुवातीला ते एकटे आहेत तिथे तीन हजार हर्ट्झच्या आसपास डायनॅमिक इक्यू (आवाज वाढला की तेवढाच पट्टा दाबणारा) हलक्या हाताने.

ऑस्टिनकर

शीर्षक वाचून धावत आलो, म्हटलं मराठी अल्बममध्ये पाच तारांचा अमेरिकी बँजो! तो नाही, पण हरकत नाही.

इकडे अमेरिकेत ब्लूग्रासवाले (बँजो-फिडलचं लोकसंगीत वाजवणारे) बऱ्याचदा एका माइकभोवती उभे राहून वाजवतात. ज्याची पाळी तो पुढे येतो, बाकीचे मागे सरकतात. आवाजाचा तोल माणसं स्वतः पावलांनी करतात. त्यामुळे मामांनी ढोलकीवाला समोर मागितला हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही.

पाहुण्याला कसं वागवायचं यासाठी २०२३ चा ॲज वी स्पीक ऐका. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बेस, झाकीरभाईंचा तबला आणि राकेश चौरसियांची बासरी. त्याला २०२४ मध्ये ग्रॅमीही मिळालं. बँजोची पाचवी तार आखूड असते, अंगठ्याने सतत वाजत राहते, सूर बदलत नाही. आपल्या सतारीतल्या चिकारीचं (सा धरून ठेवणारी बाजूची तार) काम ती करते. त्यामुळे बासरीखाली बँजो उपरा वाटत नाही. आणि चौघंही एकमेकांना भरपूर जागा देतात. तुमच्या गाण्यात मामांचा तुकडा आला की गिटार बंद ठेवा, कमी नका करू, बंदच.

पेटीमास्तर

एक शंका. गायिका आणि बेंजो एकच ओळ एकत्र वाजवतात का? तसं असेल तर जपा. बेंजोचे पडदे पक्के, सूर पेटीसारखे ठोकलेले. तुमची गायिका चांगली असेल तर तिचा गंधार त्या गंधारावर बसणार नाही, थोडा उतरेल. शिवाय बटण जोरात दाबलं की तार ताणली जाऊन सूर चढतो. मिरवणुकीत हे कोणाला कळत नाही, हेडफोनवर कळतं. सुरेल गळ्याशेजारी बेंजो ठेवायचा तर सावलीसारखा मागे चालवू नका, तिची ओळ संपली की उत्तर द्यायला सांगा.

दुसरं, तुमच्या गाण्याचा सा कुठला आणि मामांचा कुठला? ते कसं जमवलंत?

सूरपेटी

@पेटीमास्तर, गाणं काळी चारचं (पेटीची चौथी काळी पट्टी म्हणजे सा), मामांचा बेंजो काळी एकला लावलेला. बटणं बाराही सुरांची असल्यामुळे मुख्य तारांना अडचण नव्हती, मामांनी नुसता हात सरकवला. प्रश्न मोकळ्या वाजणाऱ्या तारांचा होता, त्या काळी चारला चढवल्या असत्या तर तुटल्या असत्या. त्यांनी एक उतरवून काळी एकच्या खालच्या पंचमाला, म्हणजे गाण्याच्याच सा ला लावली आणि दुसरीखाली कागदाची घडी सारून ती गप्प केली. सगळं बोलता बोलता.

एकत्र ओळ फक्त शेवटच्या धृपदात आहे. तुमचं वाचून ती पुन्हा ऐकली. गंधारावर खरंच घासतंय. तिथे बेंजो एक सप्तक वर नेता येतो का ते बघतो. मामांनी तो पर्याय वाजवून ठेवलाय, तेव्हा मला वाटलं होतं गंमत म्हणून वाजवताहेत.

@ऑस्टिनकर, गिटारवाला हा धागा वाचतोय. धन्यवाद.

उगाचच

मला समजत नाही या बेंजोचं इतकं काय कौतुक. दहा दिवस आमच्या खिडक्या हादरतात, आजारी माणसं, परीक्षेची मुलं. आता अल्बममध्येही?

वरळीची_चिंबोरी

@उगाचच, खिडक्या हादरतात त्या डीजेच्या बेसने हो. बेंजोला तेवढा बेस असता तर आमच्या पार्ट्यांची कामं डीजेकडे गेली नसती. आमच्याकडे हळदीला बेंजो असतो. रात्री दहाला पोलीस आले की गपगुमान बंद. मग बायका टाळ्यांवर गातात आणि बेंजोवाला ॲम्प काढून तसाच, नुसत्या तारांवर साथ करतो. ते ऐकायला या एकदा, बोलावणं आहे.

धागाकर्ते, खटखट काढू नका. बेंजो इतका धुऊन-पुसून ठेवलात तर बिनमिठाची कोळंबी होईल. आणि वरून ते हॉलसारखं घुमणारं काहीबाही लावू नका. बेंजो रस्त्यावरचा आहे, दोन्ही बाजूला चाळी असतात आणि आवाज भिंतीवर आपटून लगेच परत येतो. तसा येऊ दे.

हेडफोनवाला

चिंबोरीताई लाख बोललात. @सूरपेटी, लांब हॉल रिव्हर्ब (मोठ्या दालनासारखी घुमणारी आस) नको, अगदी आखूड, भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी. जमल्यास मामांचा ट्रॅक खरोखरच एखाद्या चाळीच्या चौकात स्पीकरवर वाजवून रेकॉर्ड करा आणि तोच रिव्हर्ब म्हणून मिसळा. दुपारी दोन-तीनला करा, तेव्हा नळाला पाणी नसतं.

उगाचच

हळदीचं बोलावणं स्वीकारलं. मत बदललेलं नाही.

जुन्या_बाजारातला

थोडं वाद्याबद्दल, कारण रेकॉर्डिंगशी संबंध आहे. हे मूळ जपानी. नागोया शहरात १९१२ च्या सुमारास मोरिता गोरो या माणसाने तिथल्या कोतो या तंतुवाद्याला टाइपरायटरची बटणं जोडायची कल्पना काढली, त्याला तैशोगोतो म्हणतात. तेच वाद्य आपल्याकडे बुलबुलतरंग झालं आणि बलुचिस्तानात बेंजू. बलुची वादकांनी तर ते लांबलचक करून मैफिलीत बसवलं. आपल्याकडे मुंबईत त्याला पिकअप लावून रस्त्यावर आणलं गेलं.

आता रेकॉर्डिंगच्या कामाचं: मूळ वाद्य घरात बसून हळू वाजवायचं. बटणं, त्याखालच्या स्प्रिंगा, पत्रे, सगळं हलकं. आपण त्यावर तासन् तास ठोकतो, म्हणून खटखट वाढत जाते. एखादं बटण बाकीच्यांपेक्षा जास्त वाजत असेल तर बटणपट्टीखाली फेल्टची पट्टी सरकवून बघा. पण मामांच्या वाद्याला मामांना विचारल्याशिवाय हात लावू नका. माझ्या डोळ्यांदेखत एका दुकानदाराने गिऱ्हाईकाच्या बेंजोला तेल सोडलं आणि ते गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलं नाही.

कलम_कारकून

मानधनाचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो.

कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३८अ आणि ३८ब आहेत. ३८अ प्रमाणे वादनाचा व्यावसायिक वापर झाला तर वादकाला रॉयल्टीचा हक्क आहे. ३८ब प्रमाणे वादक म्हणून आपलं नाव लागावं आणि आपल्या वादनाची मोडतोड होऊन बदनामी होऊ नये हा त्याचा हक्क आहे, हक्क दुसऱ्याला लिहून दिले तरी तो उरतो. वादकाचा हक्क वादन झालं त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ५० वर्षं चालतो. म्हणजे मामांच्या नातवंडांपर्यंत.

तेव्हा साधा एक-दोन पानांचा करार करा, मराठीत. रेकॉर्डिंगचे पैसे किती दिले, पुढे उत्पन्न झालं तर कितवा हिस्सा, नाव कसं लागेल, व्हिडिओ-जाहिरातीत वापरायचं झाल्यास पुन्हा विचारणार की नाही. त्यांच्या घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा, मग सही. ढोलकीवाल्यालाही हेच लागू आहे, त्याला विसरू नका. आणि स्ट्रीमिंगला गाणं चढवताना वितरकाच्या फॉर्ममध्ये वादकांचे रकाने असतात, ते बहुतेक लोक रिकामे सोडतात. तिथे मामांचं नाव भरा. सत्कार वगैरे नंतर करा, आधी रकाना भरा.

वरळीची_चिंबोरी

कारकूनसाहेब, हे आमच्या पार्टीच्या ग्रुपवर टाकू का? यांच्यातल्या कितीतरी जणांनी सिनेमाच्या गाण्यांत वाजवलंय आणि नाव कुठेच नाही.

कलम_कारकून

खुशाल टाका. एवढंच की रेकॉर्डिंग कधीचं, त्यावर बरंच अवलंबून आहे, आणि सिनेमातल्या वादनाला कायद्यात वेगळे अपवाद आहेत. जुन्या प्रकरणांसाठी वकिलाला कागद दाखवा, फोरमवर जाऊ नका.

सूरपेटी

सगळ्यांचे आभार, बरंच काम झालं. मधल्या दिवसांत काय केलं ते सांगतो.

एको मामांचाच ठेवला. सुरुवातीचा एकट्याचा तुकडा ॲम्पच्या माइकवर, खटखट जराशी दाबून. पुढे सगळं आहे तसं. चाळीच्या चौकातला प्रयोग आमच्या बेसवाल्याच्या मामेबहिणीच्या चाळीत झाला. दोन आज्या गॅलरीत येऊन बसल्या आणि "पुढचं लावा की" म्हणाल्या. तो आवाज हलकासा मिसळलाय आणि गाणं एकदम रस्त्यावर आलं. शेवटच्या धृपदात बेंजो वरच्या सप्तकात नेला, गंधाराचं भांडण मिटलं.

मिक्स घेऊन मामांकडे गेलो. चांगले हेडफोन नेले होते, त्यांनी बाजूला ठेवले आणि मोबाइलच्या स्पीकरवर लावायला सांगितलं. डोळे मिटून वगैरे काही नाही, ऐकता ऐकता तारेचा गुंडाळा सोडवत होते. संपल्यावर म्हणाले, "माझा आवाज खाली घे, ढोलकी वर कर. ढोलकी ऐकू आली नाही तर मी कोणाबरोबर वाजवतोय ते कळणार कसं?" खरं सांगायचं तर मी त्यांच्या प्रेमापोटी बेंजो इतका पुढे आणला होता की गाण्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. दीड डेसिबल खाली घेतला, ढोलकी तेवढीच वर. आता बेंजो जास्त ऐकू येतो, विचारू नका कसा.

कराराचा मसुदा त्यांच्या मुलीने वाचला. ती बँकेत आहे. तिने दोन ठिकाणी पेनाने खुणा करून परत दिला, त्याप्रमाणे दुरुस्त केला. पाहुण्यांचा हिस्सा आमच्या प्रत्येकाएवढाच ठेवलाय, ढोलकीवाल्यालाही तोच. मामांची एकच अट होती, नावाखाली पार्टीचं नावही यायला हवं. वितरकाच्या फॉर्ममध्ये पार्टीसाठी रकाना नाही, म्हणून गाण्याच्या शीर्षकातच टाकतोय.

ऑस्टिनकर

तुमच्याएवढाच हिस्सा! गिटारवाला काय म्हणाला?

सूरपेटी

म्हणाला, त्याला जिथे गप्प बसवलंय तिथले पैसे कापू नका.

हेडफोनवाला

मास्टरिंगला (मिक्सवरचा शेवटचा हात) देताना सांगून ठेवा, लय चढते आहे ती मुद्दाम आहे. नाहीतर कोणीतरी उत्साही माणूस सरळ करून परत पाठवेल.

जुन्या_बाजारातला

शेवटचं एक विचारतो. मामा तारा कुठल्या लावतात?

सूरपेटी

विचारलं होतं. गिटारची सगळ्यात बारीक पहिली तार, मुख्य तारांना सगळीकडे तीच, सुट्ट्या घेतात. नखी बाजारातली वापरत नाहीत, प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापतात. आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण फार लवचीक पडतं म्हणे, श्रीखंडाचं चांगलं.